पायाने निवडलेलं स्टिअरिंग

सव्वीस वर्षं तिने लोकांना गाडी चालवायला शिकवली, आणि त्यातला बहुतेक काळ ती चालवणाऱ्याच्या शेजारी बसली. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक जादा ब्रेक असतो. शिकणारा भांबावला की तो दाबायचा, हे तिचं काम. म्हणून शिकणारे तिला तोंडावर मॅडम म्हणतात आणि पाठीमागे ब्रेकमावशी. तिला दोन्ही नावं ठाऊक आहेत आणि दुसरं जास्त आवडतं.

तिच्या हाताखालून कोण कोण गेलं! दातांचा एक डॉक्टर होता. दिवसभर लोकांच्या जबड्यात ड्रिल फिरवणारा माणूस, पण गाडी मागे घ्यायची म्हटलं की त्याच्या कपाळावर घाम. एका घरातल्या तीन जावा एकामागोमाग शिकल्या. तिघींनी मुद्दाम वेगवेगळ्या वेळा घेतल्या, एकीच्या चुका दुसरीला कळू नयेत म्हणून. मावशीने त्या आजतागायत कळू दिल्या नाहीत. शिकणारा काय करणार आहे, हे ती त्याच्या चेहऱ्यावरून ओळखत नसे. शेजारून हात लांब करून ती स्टिअरिंगच्या खालच्या कडेवर दोन बोटं ठेवायची. घाबरलेल्याचं स्टिअरिंग कडक, बेफिकीर माणसाचं सैल, आणि ज्याला जमायला लागलंय त्याचं जिवंत. चूक रस्त्यावर दिसायच्या आधी तिच्या बोटांना कळलेली असे.

अशा बाईला त्या बुधवारी दुपारी भाचीचा फोन आला.

"मावशी, तुला आज संध्याकाळी सहाच्या आत शर्यतीची गाडी चालवायची आहे."

"हो का? आणि सातला विमान?"

भाची म्हणजे थोरल्या बहिणीची मुलगी. दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते आणि उरलेल्या वेळात कॉम्प्युटरवर मोटारींच्या शर्यती खेळते. ती आणि तिच्या दोन मैत्रिणी मिळून एक संघ. वर्षभर धडपडून संघ अंतिम शर्यतीत पोचला होता. शनिवारी सलग चार तास, तिघींनी आळीपाळीने आपापल्या घरून चालवायचं. त्यात सकाळी एक मैत्रीण मनगट मोडून बसली. शर्यतीत नव्हे, जिन्यावरून उतरताना. तिसरी चालक नसेल तर संघ बाद, आणि नव्या चालकाने बुधवारी सहापर्यंत एक फेरी दोन मिनिटं दहा सेकंदांच्या आत मारून दाखवायची, हा नियम.

"अगं, पण मीच का? तुझ्या दवाखान्यात तरणीताठी पोरं नाहीत?"

"पाच जणांना विचारलं. पाचही जण सुसाट आणि पाचही जण भिंतीवर. मला न आपटणारी हवीय."

मागच्या महिन्यात भाचीकडे मावशीने कीबोर्डवर दोन फेऱ्या मारल्या होत्या आणि वैतागून उठली होती. "बटणं दाबून गाडी? ही काय लिफ्ट आहे?" म्हणजे आधी स्टिअरिंग घ्यायला हवं, ते मावशीच्या हाताला बसायला हवं, आणि मग फेरी. घड्याळात साडेतीन वाजले होते. मावशीने फोन ठेवला, आरशात बघून केस बांधले आणि आपल्या छातीत धडधडतंय हे तिच्या लक्षात आलं. अशी धडधड तिला नोकरीच्या पहिल्या दिवसानंतर झाली नव्हती.

भाची तिला जिथे घेऊन गेली, ते कॉम्प्युटरच्या खेळांच्या सामानाचं दुकान पहिल्या मजल्यावर होतं. खाली चष्म्याचं दुकान, वर हे. आत वायरींच्या गुंडाळ्या, कीबोर्डांची थप्पी, आणि कोपऱ्यात लोखंडी चौकटीवर बसवलेली एक खोल सीट. समोर पडदा, खाली पेडल, आणि पुढच्या पट्टीवर हवं ते स्टिअरिंग कसून लावायची सोय. दुकानदार सडपातळ, चष्मा कपाळावर. प्रत्येक वस्तू आतून कशी चालते हे सांगितल्याशिवाय विकत नसे, म्हणून गिऱ्हाइकं त्याला प्रोफेसर म्हणत.

"कोण खेळणार?" त्याने भाचीकडे बघत विचारलं.

"मी," मावशी म्हणाली आणि सीटवर बसली. बसल्या बसल्या तिचा हात खांद्यामागे गेला आणि काहीतरी चाचपू लागला.

"ताई, पट्टा नाहीये त्याला."

"नाही कसा? बसवून घ्या," मावशी म्हणाली, आणि मग स्वतःच हसली.

पहिलं स्टिअरिंग दात्यांचं होतं. आतली मोटर दातेरी चाकांमधून आपला जोर हातापर्यंत पोचवते, असं प्रोफेसरने सांगितलं. भाचीने आपल्या संघाच्या खात्यातून तो रस्ता पडद्यावर उघडला. अकरा वळणं. मावशी निघाली. दुसऱ्या वळणावर मागून दुसरी गाडी सर्रकन पुढे गेली तशी ती ओरडली, "अहो, इंडिकेटर द्या ना!" चौथ्या वळणावर ती गवतात. फेरी दोन मिनिटं एक्केचाळीस.

"हे फार बडबडतं," ती म्हणाली. "सारखी खडखड. मधेच कामाचं काही बोललं तरी ऐकू येणार नाही."

दुसरं मोठ्या मोटरचं. यात दातेरी चाकं नाहीत. स्टिअरिंग थेट मोटरच्या दांड्यावरच बसवलेलं. प्रोफेसरने ते दोन्ही हातांनी आणलं, एखाद्याने बाळ आणावं तसं. "दुकानातली सगळ्यात ताकदवान वस्तू. रस्त्यातला खडासुद्धा कळेल."

खडा कळला नाही. पहिल्याच वळणावर स्टिअरिंगने असा हिसडा दिला की मावशीच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकल्या. ती उतरली नाही. फेरी पुरी केली, दोन एकतीस, आणि मग थांबून दोन बोटं खालच्या कडेवर ठेवली.

"हा विद्यार्थी घाबरलेला आहे."

"ताई, ती मोटर आहे."

"असेल. पण घट्ट धरून बसलीय. जोर किती ठेवलाय तुम्ही?"

प्रोफेसर ओशाळला. गिऱ्हाइकाचे डोळे विस्फारावेत म्हणून त्याने जोर शंभरावर ठेवला होता. मावशीने तो पस्तिसावर आणायला लावला, आणि तेच स्टिअरिंग माणसात आलं. पुढची चाकं घसरायला लागली की ते हातात हलकं व्हायचं, पकड परत आली की भरायचं. अगदी ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीसारखं! मावशीचे डोळे चमकले. "हं! बोलायला लागलं की!" दोन सतरा.

भाचीने टाळी वाजवली. "हेच घेऊ!"

"थांब. हात ठीक आहे, पाय पटत नाही."

पाच वाजायला आले होते. भाची घड्याळाकडे बघत होती आणि मावशी खाली वाकून पेडलकडे. ब्रेक तिला मऊ वाटत होता, स्पंजावर पाय ठेवल्यासारखा. प्रोफेसरने लगेच समजावलं: हा ब्रेक पाय किती खोल गेला ते मोजतो. दुसऱ्या प्रकारचा असतो, तो पाय किती जोराने दाबला ते मोजतो. तो जागचा फारसा हलत नाही.

"मग तोच खरा ब्रेक झाला," मावशी म्हणाली. "माझ्या पायाला खोली कळत नाही हो, वजन कळतं. तो दाखवा."

"तो आहे, पण या मोठ्या मोटरबरोबर नाही येत." त्याने मागच्या खोलीतून एक खोकं आणलं. त्यात पट्ट्याचं स्टिअरिंग होतं, मोटरचा जोर रबरी पट्ट्यावरून पोचवणारं. ताकद बेताची, पण सोबतची पेडल जोर मोजणारी. "एका गिऱ्हाइकाने परत केलं. ब्रेक फार कडक, पाय दुखतो म्हणाला. आणि किंमत दोन्हींची सारखीच, त्यामुळे सगळे मोठी मोटर नेतात."

मावशीने उभ्या उभ्याच पाय टेकवला. दाबला. सोडला. परत दाबला. सव्वीस वर्षांची ओळख असल्यासारखा तिचा चेहरा खुलला.

"लावा हे."

"अहो ताई, लोक हात बघून स्टिअरिंग घेतात. तुम्ही पाय बघून घेताय!"

"लोकांना शेजारी कोणी ब्रेक मारणारी मिळाली असेल."

पट्ट्याचं स्टिअरिंग मोठ्या मोटरइतकं बारीक बोलत नव्हतं. जरा मोघम, गोडगोड. पण ब्रेक! प्रत्येक वळणाच्या तोंडाशी गाडी तिला हव्या त्या जागी, हव्या तितकीच मंदावू लागली. दोन तेरा. दोन बारा. दोन अकरा आणि वर थोडं. इथे गाडं अडलं. पुढच्या तिन्ही फेऱ्या दोन अकराच्याच आसपास. साडेपाच झाले. भाचीने नखं खायला सुरुवात केली, प्रोफेसर दुसऱ्या गिऱ्हाइकाला "पाच मिनिटं हं" म्हणत चौथ्यांदा इकडे डोकावला.

"कुठे जातोय हा दीड सेकंद?" मावशी घामाघूम झाली होती आणि हसत होती. "मी काय रस्त्यात सांडतेय का?"

तेव्हा भाचीने फेरीचा आलेख उघडला. ब्रेक कधी, किती दाबला, याची लाल रेघ. ती बघून भाची बुचकळ्यात पडली. प्रत्येक वळणाआधी लाल रेघेचा एक मोठा डोंगर होता, आणि प्रत्येक डोंगराच्या आधी एक इवलीशी टेकडी. अकरा वळणं, अकरा टेकड्या.

"मावशी, हे काय? खरा ब्रेक मारायच्या आधी तू उगाच एकदा ब्रेकला पायाचा हलका टप्पा मारतेस."

"मी? छे!"

"हे बघ ना!"

मावशीने पाहिलं. तिचे कान लाल झाले. मग ती अशी हसत सुटली की प्रोफेसरला वाटलं काहीतरी मोडलं.

"अगं, ती हाक आहे! शिकणारा वळणाकडे वेगात चालला ना, की मी एकदम ब्रेक मारत नाही. आधी हळूच एक टप्पा. गाडी जराशी दचकते, त्याला जाग येते, आणि तो स्वतः ब्रेक मारतो. मारला नाही तरच मग मी."

"पण इथे कोणाला उठवतेस? चालवणारी तूच आहेस!"

मावशीने अकराही टेकड्या पुन्हा एकदा मोजल्या. हे तिला खरंच सुचलं नव्हतं. इतकी वर्षं पाय शेजारच्या माणसासाठी हलला होता, आणि आता शेजारी कोणी नसतानाही हलत होता, तिला न विचारता.

पुढच्या फेरीत तिने टप्पा मारायचा नाही असं ठरवलं. त्या नादात ब्रेकच उशिरा लागला आणि गाडी तिसऱ्या वळणावर सरळ वाळूत. त्याच्या पुढच्या फेरीत पाय इतका जपला की वेग गेला. दोन चौदा. सहाला अकरा मिनिटं.

"राहू दे मावशी," भाचीचा आवाज बारीक झाला. "तू एवढं केलंस हेच खूप..."

"ए, गप्प बस. परीक्षेच्या दिवशी मी कोणाला असं बोलू देते का?"

ती बोलून गेली आणि थबकली. परीक्षेच्या आदल्या दिवशी ती प्रत्येक विद्यार्थ्याबरोबर एक गोष्ट करते. गाडी सुरू झाली की त्याला दिसेल असे आपले दोन्ही पाय ब्रेकवरून उचलते आणि सीटखाली ओढून घेते. सांगत काही नाही. आता तू एकटा आहेस, हे त्याला पायांवरून कळतं. दातांच्या डॉक्टरचा श्वास त्या क्षणी अडकला होता, आणि पुढच्या अर्ध्या तासात त्याने एक चूक केली नव्हती.

मावशीने सीट एक खाच पुढे घेतली. "तू इकडे ये. शेजारी बस. त्या स्टुलावर. आणि पाय वर घे."

"कुठे वर?"

"मांडी घाल. मला दिसली पाहिजे."

भाचीने स्टुलावर कशीबशी मांडी घातली. प्रोफेसर काउंटर सोडून मागे येऊन उभा राहिला. गाडी निघाली, सरळ रस्ता धावत आला, पहिलं वळण. मावशीचा पाय शिवशिवला, तिने डोळ्याच्या कडेतून भाचीची मांडी पाहिली, आणि पाय जागीच राहिला. मग एकदाच, पूर्ण वजनाने. गाडी वळली. दुसरं. तिसरं, जिथे मघाशी वाळू होती तिथे आता काळी सडक. मोटारीचा आवाज चढत चालला. पाचव्यावर ती पुटपुटली, "शाबास." स्वतःला की गाडीला, कोण जाणे. सातव्यावर पायाने सवयीने टप्पा मारलाच. "अगं बाई!" ती म्हणाली, पण थांबली नाही. आठ, नऊ. दहावं उताराचं, तिथे स्टिअरिंग हलकं झालं, तिच्या बोटांना ते डोळ्यांआधी कळलं, तिने केसभर सोडलं आणि पकड परत आली. अकरावं. सरळ. भाची स्टुलावरून ओरडत होती, "जा जा जा जा!"

दोन मिनिटं नऊ सेकंद आणि सात दशांश.

भाची उठायला गेली, मांडीतला पाय मुंग्या येऊन बधिर झाला होता, ती स्टुलासकट कीबोर्डांच्या थप्पीवर गेली आणि तिथूनच मावशीच्या गळ्यात पडली. मग धावत पडद्यापुढे. फेरी नियमात बसली, तिसरी चालक नोंदवली गेली. सहाला सहा मिनिटं कमी होती.

"हे पट्ट्याचंच बांधतो ना, ताई?" प्रोफेसरने विचारलं. त्याचाही श्वास फुलला होता. "मोठ्या मोटरवर परत एकदा नाही बघायचं?"

"नको. ते जास्त हुशार आहे, कबूल. पण माझं याच्याशी जमलंय. हेच बांधा."

तो स्क्रूड्रायव्हर घेऊन पुढे आला. मावशी सीटवरून हलली नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर, पाय ब्रेकवर, नजर पडद्यावर.

"ताई, सोडायला लागेल ते. खोक्यात भरायचंय."

"भरा हो, सावकाश भरा. आधी ते आपलं पावतीचं वगैरे उरका," मावशी म्हणाली आणि गाडी पुन्हा पहिल्या वळणाकडे सोडली. "सातवं वळण मला अजून नीट जमलेलं नाही. चिमणे, तू बघत काय राहिलीस? मांडी घाल!"