रॅलीच्या जीपचे मिस्त्री

चंद्रपूरचे ते मिस्त्री धावून आलेल्या जीपच्या बॉनेटवर, लेकराचा ताप पाहावा तसा, हात ठेवत. "बाई तापली, भाऊ," म्हणत. तीन वर्षं खपून त्यांनी त्या जुन्या जीपची रॅलीची गाडी केली, चालवायचो मी. पहिल्या रॅलीत ती अर्ध्यात बंद पडली, पुढच्या वर्षी दुसऱ्या नंबरावर आली. काय दिवस होते! त्यानंतरच्या रॅलीत मी वळणावर उशिरा ब्रेक दाबला, गाडी नाल्यात गेली आणि मी सगळ्यांना सांगितलं, ब्रेक लागलेच नाहीत. मिस्त्री गप्प राहिले. पुन्हा कोणी रॅलीची गाडी त्यांच्याकडे दिली नाही.

परवा, वीस वर्षांनी, कबूल करायला गेलो.

"ब्रेक मी तवाच खोलून पाह्यले होते, भाऊ. बरोबर होते."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही रडून राह्यले होते ना. काऊन बोलू?"