मागच्या चाकावरचं नारळाचं पाणी

देवीबद्दल लिहिण्याचा मला अधिकार आहे असं वाटत नाही, म्हणून आधीच माफी मागतो. मी रोज पूजा करणारा नाही. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. घडलं तसं सांगतो. त्याला काय म्हणायचं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, नाशिकहून पेठला जीपमधून प्रवासी नेतात. पंचवटीतल्या मिस्त्रींकडून त्यांनी मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग बदलून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मीही गाडीत होतो. शहर मागे पडलं आणि मागून घरघर सुरू झाली. मग मधूनच खट्ट. आबांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "काय असंल रे?"

मला माहीत नव्हतं. पण नऊ माणसं ऐकत होती. मी म्हणालो, "नवीन बेअरिंग आहे, बसेल जागेवर."

"इंजिनेर बसलाय गाडीत, आता कसली काळजी," मागच्या सीटवरच्या भाजीवाल्या मावशी म्हणाल्या. सगळे हसले. मीही हसलो, त्याची आज लाज वाटते.

घाट उतरण्याआधी रस्त्याकडेला देवीचं लहानसं ठाणं आहे. गाडीचं काम केलं की आबा तिथं नारळ फोडतात. "उशीर झालाय आबा, येताना फोडू," मी म्हणालो. खरं तर सगळ्यांसमोर मला ते जुनाट वाटत होतं. आबांनी तरी गाडी थांबवली.

तिथं नारळ विकणाऱ्या आजी फोडलेल्या नारळाचं पाणी नेहमी पुढच्या चाकांवर शिंपडतात. त्या दिवशी करवंटीत थोडं उरलं, ते त्यांनी जाता जाता मागच्या डाव्या चाकाच्या मधोमध ओतलं. चर्र झालं आणि वाफ निघाली.

"चाकाला लय ताप आलाय रे पोरा," आजी म्हणाल्या.

मी उजव्या चाकाला हात लावून पाहिला. ते गार होतं. आम्ही चढ चढून आलो होतो, ब्रेक फारसा लागलाच नव्हता. मग एकच चाक एवढं कशानं तापलं? आबांनी माणसं उतरवली, जॅक लावला. मी चाक धरून ओढलं, तर आतल्या दांड्यासकट ते चार बोटं बाहेर आलं. माझे हात आपोआप सुटले. आबा तिथंच मातीत बसले. समोर घाटाचं पहिलं वळण दिसत होतं.

त्यानंतर मी पुष्कळ विचार केला. ते पाणी देवीनं ओतवलं की आजींचा हात सहज तिकडे गेला, हे मी सांगू शकत नाही. वडिलांना "मला माहीत नाही" एवढं म्हणायला मी लाजलो, तरी कुणीतरी आम्हाला सांभाळलं. त्या दिवशी ठाण्यापुढे मी पहिल्यांदाच काही न मागता डोकं टेकवलं. आपल्याला कळत नाही हे कबूल केल्यावर इतकं हलकं वाटतं, हे मला ठाऊक नव्हतं.

माणसं दुसऱ्या जीपनं पुढे गेली. मिस्त्रींना आणायला मी टेम्पोत बसून नाशिककडे निघालो. वाटेत माझ्या फोनला रेंज आली आणि त्यांनीच सकाळी पाठवलेला मेसेज दिसला: "आबांचा फोन लागत नाही. गाडी काढू नका. दांड्यावर बेअरिंगला धरून ठेवणारी कॉलर बसवायची राहिली. ती माझ्याकडेच आहे."