पांढरीपांड्यांच्या पायरीवरच्या किल्ल्या

नागपूरच्या त्र्यंबक पांढरीपांडे यांनी अमेरिकेत घर घेतलं तेव्हा त्यांनी काय काय तपासलं नव्हतं! स्वयंपाकघर आग्नेयेला आहे की नाही, ते पाहिलं. छप्पर, गटार, घर गरम ठेवणारी भट्टी, वाळवी, सगळं पाहिलं. सव्वीस वर्षं सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याची नोकरी केलेला माणूस, त्यानं नळसुद्धा प्रत्येकी तीनदा सोडून बघितले. फक्त एक कादंबरी वाचायची राहिली.

घर बॉथेल शहरापासून वीस मिनिटांवर, एका लहान गावात. किंमत संशय यावा इतकी कमी. फोटो पाठवल्यावर फ्रिस्कोहून नैनाचा, म्हणजे लेकीचा, फोन आला.

"बाबा, यू बॉट *दॅट* हाउस?"

"कोणतं दॅट?"

"ओ माय गॉड. आम्हाला नाइन्थ ग्रेडला होतं ते! एव्हरीबडी नोज दॅट हाउस!"

पन्नास वर्षांपूर्वी त्या गावात एक थोर लेखिका राहत होत्या. त्र्यंबकराव त्यांना 'बाई' म्हणतात, जणू चौथीला भूगोल शिकवायला होत्या. बाईंनी आपल्या समोरचं घर, म्हणजे हेच, उचलून कादंबरीत घातलं. त्या घरात एक परगावचा माणूस राहायला येतो. एके दिवशी तळघरात उतरतो आणि मागं दाराचं कुलूप आपोआप लागतं. चार दिवस तो ठोकत राहतो. गल्लीत सगळ्यांना ऐकू जातं. पण किल्ली दुसऱ्या कुणाकडे तरी असेल, असं प्रत्येकाला वाटतं. पाचव्या दिवशी ठोकणं थांबतं.

या पुस्तकानं अमेरिकेला जी टोचणी लावली ती अजून गेलेली नाही. शाळेत ते लावलेलं असतं, निवडणुकीच्या भाषणात त्याचे दाखले असतात, चहाच्या मगांवरही ते असतं. आमच्या मराठी मंडळानं एकदा गणपतीचा देखावा त्यावर केला होता. बाप्पा तळघरात ठेवला यावरून दोन गट पडले ते पडलेच. आणि दरवर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी लांबलांबून वाचक येतात. हिरवळीवर धुक्यात गप्प उभे राहतात आणि जाताना पायरीवर एकेक जुनी किल्ली ठेवतात.

पहिल्या वर्षी त्र्यंबकराव घाबरले. दुसऱ्या वर्षी त्यांनी पोहे वाटले. लोकांनी ते खाल्ले, पण स्मशानातून आल्यावर खावेत तसे. एका आजीबाईंनी त्यांचा हात धरून विचारलं, "तुम्ही बरे आहात ना?" त्या प्रश्नाला "फाइन, फाइन" म्हणून भागलं नाही. आजीबाई हात सोडेनातच.

"माझ्या तळघराची माझ्यापेक्षा यांनाच जास्त काळजी," ते मला म्हणाले होते. तेव्हा आम्ही दोघं हसलो होतो.

गेल्या ऑगस्टमध्ये त्यांची नोकरी गेली. चोपन्नाव्या वर्षी. तेव्हापासून ते सकाळी नऊला डबा घेऊन तळघरात उतरतात आणि सहाला वर येतात. "कन्सल्टिंग चाललंय," म्हणतात. कुणाला कन्सल्ट करतात, ते शुभावहिनींनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, एकदाच विचारलं. या घरात त्यांना मुळात राहायचंच नव्हतं. त्यांची एकच अट होती: घराच्या आत काही विचित्र घडलं, एक जरी गोष्ट, तर घर विकायची पाटी लावायची आणि फ्रिस्कोला नैनाजवळ जायचं. त्र्यंबकरावांनी कबूल केलं होतं. घर गेलं तर आपल्याकडे उरलं काय, असं ते माझ्यापाशी म्हणत.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी दुपारी त्यांचा फोन आला. "एकटा ये. हिला काही बोलू नकोस."

मी गेलो. वहिनी मंदिरात गेल्या होत्या. तळघरात एक बल्ब, एक टेबल, आणि श्रीखंडाच्या अकरा रिकाम्या डब्यांतून नोव्हेंबरच्या किल्ल्या. प्रत्येकीला नंबराची चिकटपट्टी.

"हे काय, त्र्यंबकराव?"

"टेस्टिंग. टेस्ट केल्याशिवाय मी आयुष्यात काही टाकलेलं नाही. दोनशे बारा किल्ल्या. रोज थोड्या थोड्या पुढच्या दाराला लावून पाहिल्या, ही बाहेर गेली की." त्यांनी लॅपटॉप माझ्याकडे वळवला. तक्त्यात फेल, फेल, फेल. आणि एकशे सत्तेचाळीसपुढे: पास.

"लागली?"

"लोण्यासारखी फिरली."

सव्वीस वर्षं हा माणूस 'पास' दिसलं की शीळ घालायचा. आज त्याचे ओठ कोरडे होते.

"यार, कुलूप बदला ना! आत्ता जाऊ. दुकान सहापर्यंत उघडं आहे."

"नवीन किल्ली दिली की ही विचारणार, का बदललं. मला खोटं बोलता येत नाही. संपलं मग. मुलीच्या गेस्टरूममध्ये बसून जावयाचा वायफाय वापरायचा."

"आणि कुणी आत आलं तर?"

"येऊनच गेलं असेल तर?" ते हळूच म्हणाले. "नोव्हेंबरपासून फेब्रुवारी. मी दिवसभर खाली. वर कोण चालतंय, शुभा की आणखी कुणी, मला काय कळतं?"

आणि त्याच क्षणी वर कुणीतरी चाललं.

आम्ही दोघंही वर छताकडे बघत राहिलो. पावलं स्वयंपाकघरातून दिवाणखान्यात गेली, थांबली, जिन्याच्या दाराशी आली. दार उघडलं.

"अहो, किती हाका मारायच्या?" शुभावहिनी. त्या चार पायऱ्या उतरल्या, आणि त्यांचं लक्ष त्र्यंबकरावांच्या हातातल्या किल्लीकडे गेलं.

"अगबाई! ही तुम्हाला कुठं मिळाली?"

"पायरीवर. शुभा, ही आपल्या दाराला लागते."

"लागणारच. मीच ठेवली होती."

त्र्यंबकराव खुर्चीत बसले. खुर्ची मागे होती, हे नशीब.

"ऑक्टोबरात मी नैनाकडे होते," वहिनी जिन्यात बसत म्हणाल्या. "चार दिवस तुम्ही फोन उचलला नाहीत. चार दिवस! या भावजींना केला, तर म्हणाले, असतील कुठंतरी, मंडळातल्या प्रसादला विचारा. प्रसादला विचारलं, तो म्हणाला, भावजींना विचारा."

मी श्रीखंडाच्या डब्यावरची किंमत वाचू लागलो.

"तुम्ही काय करत होतात इथं, चार दिवस?"

"काही नाही गं. बसलो होतो," त्र्यंबकराव म्हणाले. "वर यावंसं वाटत नव्हतं."

वहिनी एक पायरी खाली सरकल्या.

"परत आल्यावर मी तुमच्या बाईंचं पुस्तक वाचलं. अडीच दिवसांत. आणि म्हटलं, ओळखीच्यांचं हे असं, तर परक्यांना तरी किल्ली देऊन ठेवावी. त्यांतल्या कुणाला तरी समजेल, तो उचलून नेईल. म्हणून त्यांच्या किल्ल्यांत दोन ठेवल्या."

"दोन?"

"दोन."

त्र्यंबकरावांनी लॅपटॉप जवळ ओढला. दोनशे बारा ओळी त्यांनी बोटानं खालपर्यंत तपासल्या, मग पुन्हा वरून. पास एकच.

"म्हणजे एक कुणीतरी नेली," मी म्हणालो.

वहिनींचा चेहरा बदलला. आपण काय केलं, ते त्यांना बहुधा त्या क्षणी कळलं. "अहो, कुलूप बदलू या. आत्ताच. मी पाटी लावा म्हणणार नाही, पण कुलूप बदला."

"नको," त्र्यंबकराव म्हणाले.

"कोण आहे, कसं आहे, काही माहीत नाही!"

"नसू दे. ज्यानं नेली त्यानं पुस्तक वाचून नेली असणार. नाहीतर गंजक्या ढिगातून तेवढीच कशाला उचलेल?" त्यांनी एकशे सत्तेचाळीस नंबर वहिनींच्या हातात दिला, लॅपटॉप काखेत मारला आणि जिना चढू लागले. "पण मग मला खाली बसून चालणार नाही. तो आला तर दारात कुणीतरी हवं."

आता महिना झाला. टेबल दिवाणखान्यात आलंय, दाराकडे तोंड करून. पांढरीपांडे नोकरीसाठी अर्ज करतात, वहिनी शेजारी भाजी निवडतात, वहिनींनी आधीच काढून ठेवलेलं फ्रिस्कोचं तिकीट कॅन्सल केलंय. संसार छान चाललाय. फक्त बाहेर पायरी वाजली की दोघंही बोलता बोलता थांबतात आणि दाराच्या मुठीकडे बघतात. परवा मी गेलो तेव्हा काचेतून मला त्यांचे चेहरे दिसले. आता मी गाडीतूनच फोन करतो आणि पायरी चढताना मोठ्यानं आपलं नाव सांगतो.