फळ्यावरची ती चुकीची ओळ

धुरीकाकींचा फोन आला तेव्हा मी मालवणच्या बाजारात बांगडे निवडत होते. "सर गेले गो बाय..." एवढंच बोलल्या. धुरी सर, कॉलेजात मला गणित शिकवणारे. महा तापट माणूस! महिना उलटला, तरी खरं वाटत नाही.

शेवटच्या वर्षाला सर मॅट्रिक्स शिकवत. प्रत्येक चौरस मॅट्रिक्सची, म्हणजे आकड्यांच्या चौकटीची (तिला म्हणू ए), डिटरमिनंटमधून निघणारी स्वतःची एक कॅरॅक्टरिस्टिक पॉलिनॉमियल, लॅम्डातली बहुपदी असते, आणि तिच्यात लॅम्डाच्या जागी ती मॅट्रिक्सच घातली की उत्तर शून्य. सरांची सिद्धता एका ओळीची : डिटरमिनंटमध्येच लॅम्डाऐवजी ए घाला, ए वजा ए शून्य, झालं! वर्षानुवर्षं हीच. मी उठले. "सर, डिटरमिनंट म्हणजे नुसता आकडा. आपल्याला तर अख्खी शून्याची मॅट्रिक्स हवी ना?" वर्ग फिदीफिदी हसला. सर कडाडले, "खाली बस गो! शून्य येता मां? मगे?" आठ दिवस माझ्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. माझी पाचावर धारण. त्यात परीक्षा झाली की शिकणं बंद आणि लग्न, असं बाबांनी ठरवून टाकलेलं.

नवव्या दिवशी सर थेट आमच्या खळ्यात, घरापुढच्या अंगणात! बाबांना वाटलं, तक्रार घेऊन आले. सर माझ्याकडे बोट दाखवत उभ्याउभ्याच म्हणाले, "चेडवाचा बरोबर आसा. मी चुकलंय. आठ दिस पुस्तका चाळली, तेव्हा समाजला." आईने चहा आणला. तो सरांच्या हातात देत बाबाच म्हणाले, "सरांची चूक काढणारा चेडू घरात बसवन काय करू?" मी एम.एस्सी.ला गेले. केवढा मोठा माणूस होता हो! पण त्यांच्या तोंडावर हे कधी म्हटलं नाही मी. आता फार सलतं.

पुढे सर दरवर्षी ती चुकीची ओळ मुद्दाम लिहीत आणि कोणी उठतं का बघत. आता त्याच कॉलेजात मीही तेच करते. परवा लिहिली. पोरांनी निमूट उतरवून घेतली. मला भडभडून आलं, फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. तास संपल्यावर एक मुलगी दाराशी घुटमळली. "मॅडम, माका ह्या पटाक नाय. ह्येचो तर नुसतो आकडो येता." मग स्वतःच हसून म्हणाली, "जाऊंदे. ह्या वर्सानंतर माका घरातच बसूचा आसा."

मी डस्टर खाली ठेवलं. म्हटलं, "तुझा घर खंय गो?"