परेरांची खुर्ची

अमेरिकेतल्या चँडलरच्या वाळवंटी उन्हाळ्यात फिरायला जायचे, तर सूर्य वर येण्याआधी निघावे लागते. त्या पहाटे मी बूट घालून ओसरीत थांबलो होतो. रोज माझ्याबरोबर फिरणारे आंतोन परेरा आले नाहीत, त्यांची मुलगी मारिया आली. बाबा झोपेतच गेले, एवढे तिने इंग्रजीत सांगितले आणि मग मराठीत म्हणाली, "काका, तुम्ही आधी बसा." मी बसलो नाही. या गोष्टीला आता दीड महिना होत आला आहे, आणि या काळात परेरांविषयी इतके चुकीचे बोलले गेले आहे, की गप्प राहणे मला शक्य नाही. ते असते तर म्हणाले असते, "वझलवार गप्प आहेत? मग डॉक्टरला बोलवा."

अंत्यविधीच्या प्रार्थनेनंतर चर्चच्या सभागृहात जी भाषणे झाली, तिथूनच या चुकांना सुरुवात झाली. येथील धर्मगुरूंनी सांगितले की, परेरांनी आफ्रिकेत ख्रिस्ताचा प्रकाश नेला. आमच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष अमेय, मूळचा पुण्याचा आणि मनाने चांगला मुलगा, त्याने त्यांना विद्यापीठाचे संस्थापक करून टाकले. "काकांनी तिथे झीरोपासून युनिव्हर्सिटी उभी केली," असे तो म्हणाला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. चहाच्या वेळी मी त्याला बाजूला घेतले. त्याने शांतपणे ऐकले आणि म्हणाला, "काका, ही श्रद्धांजली आहे, ऑडिट नाही." मी आयुष्यभर वाणिज्य शिकवले आहे. ऑडिट कशासाठी असते, हे त्याने मला सांगू नये.

वस्तुस्थिती अशी आहे. पूर्व आफ्रिकेतले ते कॅथलिक विद्यापीठ ना परेरांनी स्थापन केले, ना कोणा परदेशी माणसाने. तेथील देश स्वतंत्र झाल्यावर तिथल्याच बिशपांनी ठरवले की, आपल्या धर्मगुरूंना, शिक्षकांना उच्च शिक्षणासाठी दरवेळी युरोपात का पाठवायचे? त्यांनी आधी धर्मशास्त्राची एक लहान शाळा काढली. पुढे तिचे दार सर्वसामान्य स्त्री-पुरुषांना उघडले, मग शिक्षणशास्त्र आले, गणित आले, वाणिज्य आले. शिक्षक कमी पडू लागले, तेव्हा गणितासाठी वसईचे परेरा आणि वाणिज्यासाठी नागपूरचा मी, असे दोन मराठी लोक जाहिरात वाचून तेथे पोहोचलो. राहिला प्रकाशाचा प्रश्न. तेथे आमच्या विद्यार्थ्यांचे आजोबा-पणजोबा ख्रिस्ती होते. त्यांची भजने परेरांना येत नव्हती. ती शिकवली विद्यार्थ्यांनी.

सुरुवातीला विद्यापीठात खुर्च्या पुरेशा नव्हत्या. भोजनगृहातली खुर्ची उचलून वर्गात न्यायची, तास संपला की परत नेऊन ठेवायची, असा रिवाज होता. तो परेरांनीच पाडला, असे मी आजवर सांगत आलो. परेरा वर्गावर जाताना एका हातात खडूचा डबा आणि दुसऱ्या हातात खुर्ची घेऊन जात. पुढे सरकारी मान्यता मिळाली, नव्या इमारती झाल्या, प्रत्येक वर्गात बाके आली, तरी त्यांनी तो रिवाज सोडला नाही. कुलगुरूंच्या बैठकीलाही ते आपली खुर्ची घेऊन जात आणि बैठक संपली की घेऊन येत. प्राध्यापकाने फर्निचर वाहावे, हे मला कधी पटले नाही. आजही पटत नाही. मी तसे म्हटले की ते हसत आणि खुर्ची दुसऱ्या हातात घेत.

आमचे खरे भांडण मात्र वेगळेच होते. कॅथलिक विद्यापीठाने नेमके काय करायचे, यावर आम्ही वर्षानुवर्षे वाद घातला. माझे म्हणणे असे की, नव्या देशाला बँका हव्यात, हिशेबनीस हवेत, तेव्हा वाणिज्य विभाग मोठा करा. परेरांचे म्हणणे, आधी खेड्यातले मास्तर. शिक्षणशास्त्राचे विद्यार्थी काही आठवडे गावातल्या शाळांत शिकवायला जात, तेव्हा परेरा खच्चून भरलेल्या मिनीबसमधून त्यांच्यामागे जात आणि शेवटच्या बाकावर बसून त्यांचा तास ऐकत. ती शाळा चर्चची आहे, सरकारी आहे की मशिदीशेजारची, हे त्यांनी कधी विचारले नाही. धर्मसंस्थेच्या पैशाने तुम्ही दुसऱ्यांच्या शाळा का सुधारता, असे मी एकदा मुद्दाम डिवचले. ते म्हणाले, "वझलवार, तुमच्या बँकवाल्यांना बेरीज कोणी शिकवायची? आणि ती बेरीज कॅथलिक असते का?" यावर मी उत्तर दिले होते. ते चांगलेही होते... आता आठवत नाही.

गेल्या पंधरवड्यात हे सगळे पुन्हा वर आले. विद्यापीठाने ग्रंथालयातल्या वाचनकक्षाला परेरांचे नाव द्यायचे ठरवले आणि फलकावरचा मजकूर मारियाकडे मागितला. तिने मला दाखवला. पहिलाच शब्द होता, संस्थापक. मी म्हटले, हे काढ. तिचे डोळे भरून आले. "काका, व्हाय आर यू फाइटिंग मी ऑन धिस? बाबांसाठी एक चांगला शब्द मागतेय फक्त." मी म्हणालो, "शब्द चांगला आहे, पण तो त्यांचा नाही. तिथली पोरे रोज तो वाचतील आणि त्यांना ठाऊक असेल की हे खोटे आहे. तुझ्या बापाकडे ती हसून बघतील."

ती मानेना. शेवटी आम्ही ग्रेसला फोन लावला. ग्रेस परेरांच्या पहिल्या वर्गात होती, आता ती तेथे शिक्षणशास्त्राची विभागप्रमुख आहे. स्पीकर सुरू ठेवून मी तिला म्हटले की, परेरांनी खुर्ची उचलण्याची पद्धत घालून दिली, एवढे लिहिले तरी पुरे. ग्रेस मोठ्याने हसली. इतकी वर्षे मी गोष्ट उलटी सांगत होतो, असे तिचे म्हणणे. ती पद्धत विद्यार्थ्यांची. पहिल्या दिवशी परेरा रिकाम्या हाताने वर्गात आले आणि बसायला खुर्ची मागू लागले. वर्गात पिकल्या केसांच्या एक शिक्षिका शिकायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "सर, खुर्च्या भोजनगृहात आहेत." परेरा गेले आणि घेऊन आले.

मी त्या सकाळी तेथेच होतो, असे मी तिला बजावले. तिने विचारले, त्या वर्गात? मी वाणिज्याच्या वर्गात होतो. तरीही माझे म्हणणे मी मागे घेतलेले नाही, कारण नव्या प्राध्यापकाला असे सांगण्याची हिंमत पहिल्याच दिवशी कोणी करेल, हे मला अजून संशयास्पद वाटते.

मी फोन ठेवला. "ही वेंट अँड गॉट इट. स्वतः गेले बाबा," एवढे मारिया स्वतःशीच म्हणाली. मग तिने मजकूर पुन्हा उघडला, 'संस्थापक' काढले आणि त्यामागोमाग बाकीचेही. आता फलकावर दोनच ओळी असतील. आंतोन परेरा. गणित.

मागच्या रविवारी मंडळाचा कार्यक्रम होता. सवयीने मी माझ्या शेजारच्या खुर्चीवर रुमाल टाकून ठेवला होता. दोघेतिघे येऊन, रुमाल पाहून परत गेले. कार्यक्रम संपल्यावर सगळे जेवणाकडे वळले. याच वेळी परेरा आपली खुर्ची मिटून भिंतीशी नेऊन ठेवत. अमेय त्यांना, काका, व्हॉलंटिअर्स आहेत, असे दर वेळी सांगे. मी रुमाल खिशात घातला, शेजारची खुर्ची मिटली आणि निघालो. अमेय धावत आला, माझ्या हातातली खुर्ची घेऊ लागला. मी दिली नाही. तेव्हा त्याने मागे राहिलेल्या खुर्चीकडे बोट दाखवून विचारले, "काका, आणि तुमची?"

"माझी तू उचल," मी म्हणालो. "ही परेरांची आहे."