उजेडाची वाळू

सांगलीत पीएचडी करत होते तेव्हा मी कुपवाडला एका खोलीत राहायचे आणि दिवसभर प्रयोगशाळेत वाळू करायचे. म्हणजे सिलिकाचे कण, मैद्याहून बारीक. त्यांच्या पोटात रुथेनियम या धातूचं एक संयुग कोंडलेलं असायचं. त्यावर जांभळा उजेड टाकला की ते नारिंगी चमकायचं आणि भोवतीचा ऑक्सिजन वाढला की मंद व्हायचं. त्यावरून पाण्यात ऑक्सिजन किती ते ओळखायचं, असा बेत होता.

खंडाळ्याकडच्या आमच्या गावात हे कुणाला कळत नव्हतं. खरं तर बरेच दिवस मलाही. पण फौजेतून रिटायर झालेले वडील दूध डेअरीवर सांगत सुटले होते, "आमची पोरगी उजेडाची वाळू करती."

मग एका दिवाळीला मी वाळूची बाटली आणि जांभळा टॉर्च घेऊनच घरी गेले. वडिलांनी चुलत्यांना आणि फौजेतल्या दोन दोस्तांना बोलावून ठेवलं होतं. बाहेर लख्ख ऊन, म्हणून सगळ्यांना धान्याच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि अंधारात माझं व्याख्यान सुरू झालं.

"म्हंजी हवा चांगली आसली की ह्ये इझतं?" चुलत्यांनी विचारलं.

"हो."

"मग आपल्या गावात कशाला चमकंल?"

मी टॉर्च लावला. बाटलीत नारिंगी उजेड दिसला, पण तो फक्त मला. बाकी सगळे वडिलांकडे बघत होते. त्यांचा पांढरा शर्ट निळाशार पेटला होता.

"आवं, तुमी तर ट्यूबलाइट झालाय की!" एक दोस्त म्हणाला.

"मी धुतलाय त्यो," आई मागून म्हणाली. धुण्याच्या पावडरीतच चमकणारं द्रव्य असतं, हे मी सांगत राहिले. ऐकतंय कोण! चिडून मी टॉर्च फिरवला, तर पोत्यांमागं काहीतरी हिरवं चमकलं.

"ही बी तुझीच वाळू का गं?" वडील म्हणाले.

मी शास्त्रज्ञाच्या ऐटीत वाकून पाहिलं. त्या हिरव्या वस्तूनं नांगी उचलली.

सरहद्दीवर नोकरी केलेल्या दोघांना ढकलून सगळ्यांत आधी मी दाराबाहेर पडले. बाटली मागं फुटली. वडिलांनी शांतपणे चपलेनं विंचवाचा निकाल लावला आणि टॉर्च उचलून घरभर शोध घेतला. दुसरा विंचू माझ्या अंथरुणाच्या घडीखाली निघाला. कित्येक महिन्यांची माझी मेहनत आईनं केरसुणीनं गोळा करून उकिरड्यावर टाकली.

विंचू या उजेडात मुळातच चमकतो, त्यात माझं काही नाही, हे मी जीव तोडून सांगितलं. टॉर्च मात्र मला परत मिळाला नाही. सांगलीला आल्यावर मार्गदर्शक सर सगळं ऐकून चष्मा काढून हसले. मग त्यांनी बाटलीचं विचारलं आणि हसायचे थांबले. पुढचे दोन महिने मी पुन्हा वाळू करत बसले.

डिग्री मिळाल्यावर गावानं सत्कार ठेवला. चुलत्यांनी माइकवरून सांगून टाकलं, "इच्चू हुडकायचा टॉर्च हिनंच काढलाय!" खुलासा करायला मी उठले, तोवर गळ्यात हार पडला आणि टाळ्या सुरू झाल्या. खाली उतरताना एका म्हातारीनं माझा हात धरला.

"लय भारी केलंस बाई. आता सापाचं बी कायतरी काढ."

"बघते," मी म्हणाले.