सुभेदारांची कोंबडी आणि माझी झोप

माझं नर्सिंगचं शिक्षण साताऱ्यात झालं. तिथल्या वसतिगृहात रात्रपाळीच्या मुलींसाठी मागची एक खोली राखून ठेवलेली असे. खिडक्यांना काळे पडदे असत, आणि त्या खोलीवरून जाताना स्वयंपाकाच्या मावशीसुद्धा पातेलं आपटू देत नसत. नोकरीला लागल्यावरही असंच असेल, असं मी धरून चालले होते. मग पहिली नेमणूक झाली सांगलीला. दुष्काळ नुकताच सरला होता. दवाखान्यापासून जवळच्या एका गल्लीत मी मागच्या बाजूची एक खोली भाड्यानं घेतली आणि तिथं माझी गाठ त्या तांबड्या कोंबडीशी पडली.

माझ्या खिडकीखाली छोटंसं सामाईक अंगण होतं. बंबासाठी लागणारं माझं जळण तिथं रचलेलं असे. अंगणापलीकडे सैन्यातून निवृत्त झालेले एक सुभेदार आणि त्यांची बायको राहत. बायकोला मी काकी म्हणायची. कोंबडी काकींची. तिला स्वतःचं खुराडं होतं, पण अंडं घालायला तिला माझंच जळण लागे. आणि अंडं घालून झालं की जे सुरू व्हायचं! खेड्यात वाढलेली मी, विट्याजवळच्या गावात घरोघरी कोंबड्या. पण असला घसा मी कुठल्याच कोंबडीचा ऐकला नव्हता. जळणावर उभी राहून मान ताणायची आणि टाहो फोडायची. दम लागला की जरा थांबायची, आपलं डोकं उशीला टेकलं की पुन्हा सुरू.

माझी ड्यूटी बाळंतिणींच्या वॉर्डात होती. रात्रभर उभं राहून, सकाळी अंघोळ करून अंग टाकायचं आणि नेमक्या त्याच वेळी बाईसाहेब अंडं घालायच्या.

पहिल्यांदा मी गोडीनं सांगून पाहिलं. काकी पदराआड हसल्या. "आवं, कोंबडीचं काय तोंड बांधू व्हय?" सुभेदार ओट्यावर बसून दाढी करत होते. आरशातून नजर न काढता म्हणाले, "दिवसा कोण झोपतं वो, नर्सबाई? आमच्यात आजारी माणूस झोपतंय, न्हाईतर आळशी."

"माझी रात्रपाळी आहे," मी म्हटलं.

"तेच म्हणतोय मी. घरंदाज बाया रातीच्या घरात असत्यात. त्यांच्यावर दिवसा झोपायची पाळीच येत न्हाई."

शेजारच्या ओट्यावर धान्य निवडणाऱ्या दोघी एकमेकींकडं बघून हसल्या. माझ्या कानशिलापर्यंत आग गेली. तोंडात शब्द आला होता, पण वयाचा मान म्हणून गिळला. खोलीत येऊन दार इतक्या जोरात लावलं की वरचा पोपडा पडला.

मग मी वॉर्डातला कापूस आणून कानात घालून पाहिला. उशी डोक्यावर दाबून पाहिली. जळण उचलून दारापुढं नेऊन ठेवलं, तर कोंबडी थेट खिडकीच्या कट्ट्यावर येऊन बसली आणि माझ्या तोंडावर ओरडायला लागली. तेव्हा मी चप्पल फेकली. चप्पल तिला लागलीही नाही, पण संध्याकाळपर्यंत गल्लीभर झालं, की नर्सबाई मुक्या जनावराला मारते. मुकं! त्या शब्दावर मला रडावं की ओरडावं कळेना.

राग आणखी चढायचं कारण वेगळंच होतं. दुपारी जेवण झालं की सुभेदार झोपत. त्या वेळी गल्लीत पोरांना गोट्या खेळायची बंदी. कल्हईवाला आला तर सुभेदार खिडकीतून असे गरजत की तो बिचारा भाता उचलून पुढच्या गल्लीत जाई. काकी भांडी घासायच्या थांबत. अख्खी गल्ली त्यांच्या झोपेसाठी श्वास रोखून बसे. ते रात्री झोपत, सकाळी उशिरा उठत, वर दुपारीही झोपत. त्यांना आळशी कोणी म्हणत नव्हतं.

एका रात्री वॉर्डात इंजेक्शनचं साहित्य उकळून काढताना माझ्या हातातून काचेची सिरिंज सुटली. फुटून चक्काचूर झाली. डोळ्यांवर नुसती झापड होती. मोठ्या सिस्टर सगळ्या बाळंतिणींसमोर म्हणाल्या, "झोपायचं असेल तर घरी झोप. इथं कशाला येतेस?" मी काचा गोळा करत होते आणि मनात एकच चाललं होतं, घरीच तर झोपू देत नाहीत!

त्या सकाळी मी अंथरूण घातलंच नाही. खिडकीशी उभी राहिले. कोंबडी कट्ट्यावर आली, अंडं घातलं, चोच उघडली. मी गजांतून हात घालून तिला धरलं. लहानपणापासून कोंबड्या धरलेला हात आहे माझा. आत घेऊन तिच्यावर वेताची पाटी पालथी घातली. ती पाटीखाली बोंबलत राहिली आणि मी भिंतीला टेकून बसले. झोपेची आशा मी सोडली होती. दुपारची वाट बघत होते.

जेवणं झाली, गल्ली शांत झाली. मी कोंबडी काखेत मारली आणि अंगण ओलांडलं. उकाड्यामुळं सुभेदारांचं दार उघडंच होतं. ते खाटेवर, बनियनवर, तोंड उघडं टाकून घोरत होते. मी उंबऱ्यातूनच कोंबडी आत भिरकावली.

ती आधी खाटेवर पडली, तिथून रेडिओवर उडाली, तिथून देवळीतला कंदील पाडून पुन्हा त्यांच्या पोटावर. आणि ओरडणं तर काय सांगावं!

"कोण हाय रं तिकडं?" सुभेदार ताडकन उठून बसले.

"मी," मी म्हटलं. "दिवसा कोण झोपतं वो, सुभेदार? आजारी हायसा, का आळशी?"

"माझ्या घरात येऊन मला बोलतीस?"

"तुमी मला चारचौघांत बोललासा! घरंदाज बाया रातीच्या घरात असत्यात म्हणं. तुमच्या घरातली बाई राती बाळंतपणाला अडली तर कुणाकडं नेणार? तवा मी जागी लागती न्हवं तुमाला?" मी शहरातली भाषा विसरून गावच्या भाषेत ओरडत होते. दारात बायका जमल्या होत्या, आणि मला त्याचं काहीही वाटत नव्हतं.

सुभेदारांनी बनियनवरची पिसं झटकली. ते बायकोवर फिरले. "आज रातीच्याला हिचा रस्सा कर. ही ब्याद नको घरात."

काकी मोरीतून ओल्या हातांनी आल्या होत्या. त्यांनी कोंबडी उचलून पदराखाली घेतली.

"कोंबडी कापू नका," मी म्हणाले. "सकाळची डालग्याखाली ठेवा, माझ्या खिडकीपासनं लांब. एवढंच मागत होते मी पयल्या दिवसापासनं."

"तू गप," काकी मला म्हणाल्या. "माझ्या कोंबडीला हात लावायचं तुझं काम न्हाई." मग नवऱ्याकडं वळल्या. "आन् तुमीबी ऐका. कोंबडी माझी हाय. रस्सा पायजे तर दुसरीकडं जेवा." इतक्या वर्षांच्या संसारात हे पहिल्यांदाच ऐकलेला तो माणूस खाली वाकून पडलेला कंदील उचलू लागला.

दुसऱ्या दिवसापासून काकी सकाळी कोंबड्या झाकायचं ते वेताचं डालगं घराच्या पुढच्या बाजूला, सुभेदार पेपर वाचत बसायचे त्या ओट्याशेजारी पालथं घालू लागल्या. कोंबडी तिथं अंडं घालायची आणि तिथंच बोंबलायची. सुभेदार पेपर तोंडापुढं धरून बसत. काकी माझ्याशी पुन्हा एक शब्द बोलल्या नाहीत.

आठवड्याभरात घरमालक आले. "तक्रार आली आहे. वेळीअवेळी येणं-जाणं बरं दिसत नाही," असं खाली मान घालून म्हणाले. कोंबडीचा विषयसुद्धा काढला नाही. मी ड्यूटीचा पांढरा गणवेश त्यांच्यापुढं धरला आणि विचारलं, "हा घालून मी कुठं जाते, असं वाटतं तुम्हाला?" ते गेले, पुन्हा आले नाहीत.

साताऱ्याला बदली होईपर्यंत मी त्याच खोलीत राहिले आणि रोज सकाळी गाढ झोपले. कोंबडीवरचा राग लवकरच गेला. अंडं घालून ओरडणं हा तिचा स्वभावच होता. सुभेदारांचं ते घरंदाज बायांवरचं वाक्य मात्र अजून आठवतं, ते तसंच आरशात बघत, गालावर साबण लावून बोलताना दिसतात, आणि आज या वयातही माझ्या मुठी आवळल्या जातात.